पोस्टमास्तरचा जुळा भाऊ

पोस्टमास्तरला मी मारलं. मुद्दाम नाही, मला डुलकी लागली होती.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढे कीव करायला सोपं जाईल. वय छप्पन्न, वजन ब्याण्णव आणि घरातलं नाव छोट्या. काम लिफ्ट तपासण्याचं. सकाळी सातपासून लोकांच्या इमारतींत टॉर्च घेऊन फिरतो, दोर बघतो, ब्रेक बघतो आणि फॉर्मवरच्या एकवीस चौकोनांत खुणा करतो. तीस वर्षांत एकही खूण खोटी केलेली नाही. ही गोष्ट मी नव्या माणसाला ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगतो आणि जुन्या माणसांना दर महिन्याला आठवण करून देतो. बायको म्हणते, तुमच्या खरेपणाचा आवाज लिफ्टच्या मोटरपेक्षा मोठा आहे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत गणित शिकवायची. एकटी राहते, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तिच्या उजव्या डोळ्याने चार वर्षांपूर्वीच राजीनामा दिला आणि गेल्या वर्षापासून डाव्यातही धुकं साचायला लागलं. उजेड कळतो, माणूस उभा आहे एवढं कळतं, पण तो मी आहे की कपड्यांचं कपाट हे कळत नाही. ती म्हणते, तुझ्या बाबतीत तसा फारसा फरकही नाही.

रोज संध्याकाळी साडेसहाला मी तिच्याकडे जातो. औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचतो, टपाल वाचतो आणि मग आम्ही मालिका बघतो. म्हणजे मी बघतो आणि ती माझ्याकडून ऐकते. पूर्वीच्या मालिकांत माणसं बोलायची तरी. हल्लीच्या या फोनवर, टीव्हीवर येणाऱ्या मालिकांत कुणी बोलतच नाही. पाच पाच मिनिटं खिडकीबाहेर बघतात, सिगरेट पेटवतात आणि मागे कुणीतरी पियानोचं एकच बटण दाबत बसतं. ताई विचारते, "आता काय चाललंय?" आणि मी सांगतो, "अजून खिडकीतच आहे."

भाग संपला की दुसरं काम. त्या मालिकेच्या पानावर खाली प्रेक्षक आपापलं मत लिहितात, तिथे ताईचंही मत लिहायचं. ती सांगणार, मी तिच्या फोनवर टाइप करणार. मत म्हणजे पेपर तपासणंच. "नायिकेला रडायला कारण पुरेसं नाही. पोलिसाने पहिल्याच भागात पाकीट उघडून बघायला हवं होतं. दहापैकी साडेतीन." मग म्हणणार, "वाच परत." मी वाचणार. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर चष्म्यावरून बघितल्यासारखं बघणार, चष्मा नसतानाही.

तर ती मालिका एका डोंगरातल्या गावाची होती. तिथला पोस्टमास्तर लोकांची पत्रं उघडून वाचतो आणि त्याला गावाची सगळी गुपितं कळतात, अशी गोष्ट. त्या दिवशी मी सोळा मजली इमारतीच्या दोन लिफ्ट तपासून आलो होतो. ताईची आरामखुर्ची आणि पियानोचं ते एकच बटण, दोघांनी मिळून मला चौथ्या भागाच्या मध्यावर आडवं केलं. जाग आली ती एकदम मोठ्या संगीताने. पडद्यावर पाऊस, जीप, चिखलात काहीतरी धप्पकन पडलेलं.

"काय झालं रे? कोण पडलं?" ताई पुढे सरकून बसली होती.

झोपलो होतो, एवढं सांगितलं असतं तर विषय संपला असता. भाग मागे नेऊन परत बघितला असता. पण तीस वर्षांचा सरळ माणूस मी, झोपलो कसं म्हणणार? म्हणालो, "पोस्टमास्तर गेला."

"गेला?"

"जागच्या जागी."

खरं म्हणजे ते टपालाचं पोतं होतं.

पुढच्या भागात पोस्टमास्तर दुसऱ्याच मिनिटाला खोकला आणि बोलायला लागला. ताईने मान वळवली. गणिताच्या बाईंना आवाज विसरता येत नाहीत. "हा कोण बोलतोय?"

"भाऊ आहे त्याचा," मी म्हणालो. "जुळा."

मला वाटलं, आता कान पकडला जाणार. पण ताई खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "अस्सं. आता कुठे रंगात आली मालिका."

त्यानंतर मी सुटलोच. खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसांना मी काम दिलं. जुळ्या भावाला डाव्या पायाने लंगडता केलं, त्याच्या कोटात किल्ली ठेवली, खाणावळवाल्या बाईला त्या किल्लीच्या मागे लावलं. पडद्यावर धुकं असलं की मी धुक्यातून कुणाला तरी आणायचो. ताईचे मार्क साडेतीनवरून सहा, सहावरून साडेआठ झाले. उभ्या आयुष्यात तिने मला साडेआठ दिले नव्हते; शाळेत मी तिच्याच वर्गात होतो आणि तिने मला सातवीत दोनदा बसवलं होतं. मी फुलून गेलो. घरी जाताना वाटायचं, आपण उगाच लिफ्टच्या खड्ड्यात जन्म घालवला.

अडचण एकच होती, ते प्रेक्षकांचं पान. ताई सांगायची, "जुळा भाऊ आणण्याची कल्पना उत्तम, पण लंगडण्याचं कारण लवकर कळायला हवं," आणि मी ते निमूटपणे टाइप करायचो. म्हटलं, कोण वाचतंय? तर सगळे वाचत होते. आठवड्याभरात खाली दोनशे उत्तरं. ती मी ताईला वाचून दाखवायचो, अर्थात माझ्या पद्धतीने. "एकजण म्हणतोय, अगदी बरोबर बोललात, बाई." ताई खूश व्हायची. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी तिचं ऐकत होतं.

याच दिवसांत डॉक्टरांचं पत्र आलं. डाव्या डोळ्याच्या पुढचा पडदा बदलायचं ऑपरेशन करता येईल की नाही, हे सगळ्या तपासण्या झाल्यावर ते लिहून कळवणार होते, तेच हे पत्र. शनिवारी दुपारपर्यंत ताईने हो किंवा नाही सांगायचं होतं. हो म्हटलं तर ऑपरेशन सोमवारी. बुधवारी संध्याकाळी मी पत्र वाचून दाखवलं आणि ताईने ते उशाखाली ठेवलं. लेकीला दाखवलं नाही, कारण माझी भाची आईच्या बाबतीत वाचायच्या आधीच रडते.

भाची गुरुवारी येऊन गेली. रडली नाही, पण जाताना आईच्या फोनमध्ये एक सोय चालू करून गेली. पडद्यावर बोट ठेवलं की फोन तिथलं सगळं मोठ्याने वाचतो.

शुक्रवारी मी साडेसहाला पोचलो तर टीव्ही बंद. ताई टेबलाशी ताठ बसलेली, समोर फोन.

"बस," ती म्हणाली.

मी बसलो. तिने बोट ठेवलं. फोन बोलायला लागला. तो आवाज बाईचा होता, पण त्या बाईला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"आजी, तुमचा जुळा भाऊ कुठल्या भागात आहे? आम्हाला का दिसत नाही? हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा."

बोट खाली सरकलं. "मी हा भाग तीनदा बघितला. कुणीही लंगडत नाही."

अजून खाली. "आमच्या मालिकेपेक्षा आजींची बरी आहे. आम्हाला तीच दाखवा."

अजून खाली. "म्हातारीला वेड लागलंय. घरच्यांनी फोन काढून घ्या."

ते वाक्य तिने मला दोनदा ऐकवलं. फोनने दोन्ही वेळा सारख्याच सुरात वाचलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती, आणि समोरच्या माणसाला तोंड दिसत नसताना लपवावंसं का वाटतं, हेही कळेना.

"पोस्टमास्तर जिवंत आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी झोपलो होतो, ताई."

"आणि जुळा भाऊ?"

"नाहीये."

मला वाटलं होतं, ती ओरडेल. सातवीत ओरडायची तशी. ती नुसती बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिली. मग उठली, भिंतीला धरून आत गेली आणि उशाखालचं पत्र घेऊन आली.

"लोक हसले त्याचं मी बघेन," ती म्हणाली. "हे सांग. हे पत्र तू बघून वाचलंस की मनाने?"

दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये मी कधी बसलेलो नाही, पण आता बसायची गरज उरली नाही. "बघून वाचलं, ताई. शपथ."

"लिफ्टचे फॉर्मही असेच भरतोस का रे?"

तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे त्या विषयावर बोलायला काही नव्हतं.

"वाच परत," ती म्हणाली.

मी पत्र उघडलं. डॉक्टरांनी तपासण्यांची नावं लिहिली होती, ती वाचली. या ऑपरेशननंतर दहापैकी सात जणांना चांगलं दिसायला लागतं, ते वाचलं. मग ती ओळ आली. बुधवारी मी तिथे खोकलो होतो आणि पत्राची घडी घातली होती.

"उरलेल्या तिघांची," मी वाचलं, "आहे ती नजरही जाऊ शकते. रुग्णाने हे लक्षात घेऊनच निर्णय द्यावा."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. ताईने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि त्या ओळीवर अंगठा फिरवला, जणू ती तिथे उठून आलेली होती.

"बुधवारी इथेच खोकलास," ती म्हणाली.

"तुला कळलं होतं?"

"तू खोटं रंगवून सांगतोस आणि खरं रटाळ वाचतोस. लहानपणापासून. पत्र रटाळ चाललं होतं म्हणून मी निश्चिंत होते. मग खोकलास आणि म्हणालास, 'बाकी काळजीचं काही नाही.' डॉक्टर असं लिहितात होय? दोन दिवस मी वाट बघतेय, छोट्या आज सांगेल, उद्या सांगेल. आज हा फोन ऐकला आणि वाटलं, आता तो कधीच सांगायचा नाही."

मला रडू आलं. सरळ सांगतो, आलं. मी म्हणालो, "तू घाबरशील म्हणून..."

"मी घाबरलेलीच आहे. तुझ्यामुळे एकटी घाबरत होते, एवढंच."

मग तिने विचारलं, "तू काय केलं असतंस?"

माझ्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती, तिन्ही छान रंगवलेली. मी ती गिळली. "मला माहीत नाही, ताई."

"हं. हे रटाळ होतं," ती म्हणाली आणि तिचा आवाज जरा सैल झाला. "दहात सात म्हणजे सत्तर टक्के. मी पस्तीसवाल्यांना वर ढकललंय. सत्तरला नाही म्हणायची माझी छाती नाही. उद्या सकाळी फोन लावून दे, मी स्वतः हो म्हणते. आता घे तो फोन. मत लिहायचंय."

"आज तर आपण काही बघितलंच नाही."

"लिही म्हणते ना."

तिने सांगितलं आणि मी टाइप करत गेलो. "मला दिसत नाही. माझा भाऊ मला मालिका सांगतो. चौथ्या भागात तो झोपला आणि त्याने पोस्टमास्तरला मारलं. जुळा भाऊ त्याचाच आहे. मालिकेला दहापैकी साडेतीन. भावाला कल्पनेसाठी नऊ, खरेपणासाठी शून्य, आणि आज एक गुण वाढवून दिला आहे. सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. भीती वाटते."

शेवटच्या दोन शब्दांपाशी माझी बोटं थांबली. हे असं चारचौघांत कशाला? जग आधीच हसतंय. गाळले असते तर तिला कळलंही नसतं, अशी जुनी सवय बोलून गेली. पण आता तो फोन वाचणार होता आणि खरं म्हणजे फोन नसता तरी ते शब्द गाळायची माझी हिंमत उरली नव्हती. टाइप केले. मग तिला न विचारता आणखी दोन शब्द टाकले आणि पाठवून दिलं.

"दे इकडे," ताई म्हणाली आणि बोट ठेवलं.

त्या निर्विकार बाईने सगळं वाचलं. पोस्टमास्तर, नऊ गुण, शून्य गुण, ऑपरेशन. "भीती वाटते," बाई म्हणाली. आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "मलाही. छोट्या."

ताईचं बोट पडद्यावर तसंच राहिलं.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही. खोडू?"

"राहू दे." तिने फोन पालथा ठेवला आणि डोळ्यांवरून हात फिरवला. "टीव्ही लाव. चौथ्या भागापासून. आणि उभा राहून सांग, म्हणजे झोप येणार नाही."

मी उभा राहिलो.