जिभेला जड नाव

बाळाचं नाव काय ठेवायचं यावरून कुरबुर झाली नाही, असं घर कुठे सापडेलसं मला वाटत नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या आमच्या गल्लीत बोबातांच्या घरीही तेच चाललं होतं. फरक इतकाच, की तिथे कुणाचा आवाज चढत नव्हता. बाळंतीण मैमुना पलंगावरून एक नाव सांगत होती आणि तिचा नवरा मुदस्सिर खिडकीशी उभा राहून नाही म्हणत होता. परक्याच्या मुलीबद्दल बोलावं तसा.

"खौला," मैमुना म्हणाली. "अब्बा सांगून गेलेत. मुलगी झाली तर खौला."

"हॅना ठेवू. तेही आपलंच नाव आहे. आनंद असा अर्थ आहे."

"आपलं ते हना. हॅना त्यांचं."

"तेच म्हणतोय. दोन्हीकडे चालतं."

त्याने ते तपासूनही पाहिलं होतं. आदल्या दिवशी कॉफीच्या दुकानात नाव विचारलं तेव्हा त्याने 'खौला' सांगितलं. तिथल्या मुलीने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि कॉफी झाल्यावर मोठ्याने पुकारा केला, "कोला!" रांगेतले दोघंतिघं हसले. मुदस्सिर परत रांगेत उभा राहिला. दुसरी कॉफी मागवली आणि 'हॅना' सांगितलं. मुलीने मान वर न करता कपावर लिहिलं. झालं, नाव ठरलं. दोन्ही कप टेबलावर तसेच ठेवून तो बाहेर पडला.

त्याला त्या हसण्याचा राग आला नव्हता. वाईटही वाटलं नव्हतं. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नसे. महिन्यापूर्वी त्याचे अब्बा गेले. त्याने खांदा दिला, मूठमाती दिली, भेटायला आलेल्यांचे हात हातात घेतले आणि लगेच कामावर रुजू झाला. लेक जन्मली तेव्हा दाईने ती त्याच्या हातात दिली. त्याने तिच्या कानात अजान म्हटली. शब्द चुकले नाहीत, एवढंच त्याला आठवत होतं.

स्वयंपाकघराचं फर्निचर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात तो कामाला होता. तिथे त्याला मुदस्सिर कुणीच म्हणत नसे. लागल्या लागल्या साहेबांनी विचारलं होतं, "तुझं नाव काही माझ्या तोंडात बसत नाही बुवा. मॅट म्हटलं तर चालेल?" त्याने हसून "चालेल" म्हटलं होतं. तेव्हापासून तो मॅट. एकदा ऑफिसातून घरी फोन आला, तो अब्बांनी घेतला. "मॅट? इथे असलं कुणी राहत नाही," म्हणून त्यांनी ठेवून दिला. मग जेवताना विचारलं, "हा मॅट कोण रे?" मुदस्सिर म्हणाला, "मीच." अब्बांनी कढीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. पुढे त्या विषयावर बापलेकांत कधी शब्द निघाला नाही.

सातव्या दिवशी बाळाचं जावळ काढून नाव ठेवायचं होतं. त्याच्या आदल्या दुपारी बेल वाजली. दार कुलसुमफोईने उघडलं. कुलसुमफोई म्हणजे मुदस्सिरची आत्या. तरुणपणी भरूचकडून आली आणि पुढचं सगळं आयुष्य कापडगिरणीत उभं राहून काढलं. बाळंतपणाला म्हणून आली होती, हाताला मेथीच्या लाडवांचं तूप होतं.

दारात एक पिकल्या केसांचा गोरा माणूस उभा होता, हातात भेटवस्तूची पिशवी. "मॅट आहे का?"

"कोण मॅट?"

"बोबात. मॅट बोबात."

"बोबात तर निम्मं गाव आहे," फोई म्हणाली, "पण त्यात मॅट एकही नाही."

तेवढ्यात मुदस्सिर जिना उतरून आला. "फोई, माझ्याकडे आलेत. ऑफिसात शेजारी बसतात. ग्रॅहम."

ग्रॅहम आत आला, सोफ्याच्या कडेला टेकला. पिशवीतून त्याने पिवळी लोकरीची टोपी काढली. "बायकोने विणलीय बाळासाठी." मग बराच वेळ तो ती टोपी स्वतःच्याच हातात फिरवत राहिला.

"एक विचारू? त्या दिवशी मी आलेलं तुला नको होतं का?"

"कुठल्या दिवशी?"

"तुझे वडील गेले त्या दिवशी. मी आलो होतो मशिदीत."

"तू आला होतास?"

"आलो होतो म्हणजे काय! काळा कोट घालून. दारातल्या माणसांना विचारलं, मॅट कुठे आहे? फार चांगली माणसं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. एक जण आत जाऊन मॅट, मॅट म्हणून विचारून आला. कुणाला ठाऊकच नाही. म्हणाले, साहेब, तुम्ही चुकीच्या मशिदीत आलात. मग जनाजा निघाला. शेकडो लोक, सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. मला सगळ्यांच्या पाठीच दिसल्या. त्यातली तुझी कुठली, कळेना. थोडा वेळ रस्त्यावर उभा राहिलो आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवसापासून तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, तुझ्या घरातलं तुला आमच्यापासून लांबच ठेवायचंय."

वर बाळ थोडं रडून गप्प झालं.

"तुझं खरं नाव काय?" ग्रॅहमने विचारलं.

"मुदस्सिर."

"मूड... मूडसर."

"मु-दस्सिर."

"मुडस्सिर." ग्रॅहमने घाम पुसला. "इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी बसतोय! माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू रोज डबा घेऊन यायचास. आणि तुझ्या वडिलांच्या मयतीला मला तुझं नाव माहीत नव्हतं! सांगितलं का नाहीस?"

"तुम्हा लोकांना जड गेलं असतं."

"मला विचारलंस का कधी, जड जातंय का म्हणून?"

ग्रॅहमच्या आवाजात राग कमी आणि अपमान जास्त होता, हे मुदस्सिरला पहिल्यांदाच कळलं. आजवर त्याला वाटत आलं होतं, की आपण नाव लहान करून लोकांचे कष्ट वाचवले!

फोई चहा आणि समोसे घेऊन आली. दारामागून तिने सगळं ऐकलं होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"मुदस्सिर म्हणजे पांघरूण ओढून घेतलेला," ती ग्रॅहमला म्हणाली. "पोराने नाव फारच मनावर घेतलं!" ग्रॅहम हसला. मग ती भाच्याकडे वळली. "माझी गिरणी कुठे होती, दीकरा?"

"ऑस्वल्डट्विसलला."

"बघ, कसं पाण्यासारखं म्हणालास. मी आले तेव्हा मला 'येस' आणि 'नो'च्या पुढे काही येत नव्हतं. बसवाल्याला गावाचं नाव सांगताना जिभेला गाठ पडायची. अख्खी बस हसायची. पण माझ्यासाठी कुणी गावाचं नाव बदललं का? मी शिकले. ती माणसं वाईट नव्हती, थांबायची, पुन्हा म्हणून दाखवायची. मला शिकता येतं, तर यांना येणार नाही? यांच्या जिभेला काय हाड आहे?"

"फोई, तेच लोक त्या गावाला 'ऑसी' म्हणतात," मुदस्सिर म्हणाला.

"म्हणोत ना! लाडाने म्हणतात. पण पाटीवर पूर्ण नाव आहे. लाडाचं नाव वेगळं आणि अडचण नको म्हणून कापलेलं नाव वेगळं. हना नाव वाईट आहे असं मी म्हणत नाही. आवडलं म्हणून ठेव, मी स्वतः लाडू वाटेन. पण तुला ते आवडलेलं नाही. तू भ्याला आहेस. मैमुनाने सांगितलंय मला. कुठल्या तरी दुकानातली पोरगी अडखळली, म्हणून बापाने ठेवलेलं नाव टाकतोयस! आज लेकीचं नाव अडचणीचं वाटलं, उद्या ती स्वतःच अडचणीची वाटेल. मग काय करशील?"

मुदस्सिर उठला आणि वर गेला. मैमुनाने काही न विचारता बाळ त्याच्याकडे दिलं. हे मूल उबदार आहे, हे त्याला इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा जाणवलं. तिच्या केसांना दुधाचा वास होता. अब्बा नेहमी बसायचे ती खुर्ची समोर रिकामी होती. एवढे दिवस ती तिथेच होती, पण त्याला दिसली नव्हती. बाळाला घेऊन तो त्या खुर्चीत बसला.

"खौला," तो म्हणाला.

मैमुनाने तोंड भिंतीकडे वळवलं आणि ओढणीने डोळे पुसले.

तो बाळाला घेऊन खाली आला. ग्रॅहमने नाव विचारलं. आधी "कोला", मग "हाउला" करत करत तो फोईच्या तालमीत कसाबसा जवळ पोचला. "घसा खाकरल्यासारखं कर," फोई म्हणत होती. "हां! पण थुंकू नको!"

सोमवारी ऑफिसात मुदस्सिरने सगळ्यांना सांगितलं, की माझं नाव मॅट नाही. काही जण ओशाळले, एकाने "आता या वयात?" म्हणून थट्टा केली. साहेब अजून अधूनमधून चुकतात. तो दर वेळी दुरुस्त करतो, न रागावता. अब्बांचं दुःख त्यानंतर त्याला झालं, आणि पुष्कळ झालं. पण आता ते कुणाजवळ तरी बोलता येतं. गेल्या शुक्रवारी तो कबरस्तानात गेला, तेव्हा बरोबर ग्रॅहम होता.

बंधुभगिनींनो, सोपं नाव ठेवण्यात पाप नाही आणि अवघड नावात पुण्य नाही. पण समोरच्याला जमणार नाही असं आपणच ठरवून टाकतो, तेव्हा आपण स्वतःला तर लहान करतोच, त्यालाही लहान समजतो. आणि आपल्या शेजारी बसणाऱ्या कुणाचं नाव आपण सोयीसाठी मोडलं असेल, तर आजच त्याला खरं नाव विचारू या. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. जिभेचे कष्ट थोडे असतात, आणि ते घेतल्याशिवाय कुणाच्या दुःखात शिरता येत नाही!