अकरा वेळा

"जरा सैल सोडा हात," गुलजारबी म्हणाल्या आणि रबरी पट्टा त्यांनी बाळाबाईच्या मनगटावर आवळला. पट्ट्याला काड्यापेटीएवढी काळी डबी होती आणि डबीवर लाल बटण.

"न्हाताना काढायचा का, बाई?"

"न्हाई. दिवसरात हातातच ठेवायचा. ठोके ह्या डबीतनं भिंतीवरच्या पेटीत जात्यात, आन् पेटीतनं छपरावरच्या एरियलनं पुण्याला. छातीत दुखलं, जीव घाबरा झाला, की बटण दाबायचं. तिकडं लगेच कळतंय."

"लगीच?" उंबऱ्यावर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, कुंडलिकनं विचारलं.

"लगेच."

हा शब्द गुलजारबींना विद्यापीठातल्या आनंदराव सरांनी दिला होता. वेल्ह्याच्या बैठकीत सर म्हणाले होते, संगणक आता टेबलावर राहणार नाही; तो मनगटावर, भिंतीत, उशाशी असेल, आणि दवाखाना माणसाच्या घरात येईल. बावीस वर्षं पालीच्या आसपासच्या वाड्या पायी तुडवलेल्या नर्सला ते पटलं. भोरमध्ये घर, नोकरी डोंगरात. निम्म्या वाडीच्या नाळा त्यांच्या हातांनी कापलेल्या. त्यामुळे हृदयाची तक्रार असलेली बारा म्हातारी माणसं त्यांनी चार दिवसांत तयार केली. संमतिपत्र पाच पानांचं होतं. पहिलं पान त्या वाचून दाखवत आणि उरलेल्या पानांवर अंगठे घेत. वेळ कमी होता, आणि गुलजारबींच्या हातात कागद असला की वाडीत कुणी पुढचं विचारत नसे.

तीन आठवड्यांनी बाळाबाईनं हात पुढे केला. गुलजारबींनी पट्टा सरकवला आणि तोंड फिरवलं. खालची कातडी पांढरी, भिजल्यासारखी झाली होती. कडेनं पाणी सुटलं होतं आणि त्याला ओल्या चिंधीसारखा वास येत होता. आयुष्यभर जखमा धुतलेल्या बाईनं नाकाला पदर लावला.

त्यांनी देवळाच्या चढावर जाऊन, जिथं मोबाईलला रेंज येई तिथून, पुण्याला फोन लावला. फोनवरची मुलगी गोड बोलली. "पावडर लावा आणि दुसऱ्या हातावर बांधा, सिस्टर. फक्त काढू नका. मध्ये खंड पडला तर सगळी माहिती वाया जाते."

गुलजारबींनी पट्टा दुसऱ्या हातावर बांधला.

"खाजतंय लई," बाळाबाई म्हणाली. "पर तुमी म्हणताय तर ऱ्हाऊ द्या."

भाताची कापणी चालू होती, त्या आठवड्यातल्या मंगळवारी गुलजारबी दुसऱ्या गावाला लसीकरणाला गेल्या होत्या. दोन वाजता परतल्या तेव्हा कुंडलिकच्या अंगणात माणसं जमली होती. बाळाबाईला बाजेवरून खाली घेतलेलं होतं.

"कधीपास्नं दुखत हुतं?" त्यांनी विचारलं.

"न्याहारी झाल्यापास्नं," कुंडलिक म्हणाला. "म्या म्हनलं पालीतनं जीप आनतो. तर ती म्हनली, बटन दाबलंय, पुन्याला कळलं आसंल. ते आलं आन् आपुन वाटंत चुकलो तर? म्हनून बसून ऱ्हायलो."

"किती वेळ?"

"बारापातुर."

बारापर्यंत जीप नसरापूरच्या दवाखान्यात पोचून परत आली असती. बायका प्रेत न्हाऊ घालायला आल्या तेव्हा पट्टा गुलजारबींनी स्वतः सोडवला. तो कातडीला चिकटला होता. ओढताना कातडीचा पातळ पापुद्रा त्याबरोबर आला, आणि डबीतला हिरवा दिवा तेव्हाही लुकलुकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुण्याला कळवलं. सरांनी फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि पट्टा जपून पाठवायला सांगितला. तुमच्याकडे त्या दिवशी कळलं कसं नाही, असं गुलजारबींनी विचारलं. ते तपासून सांगतो, असं सर म्हणाले. दोन महिने त्यांनी काही सांगितलं नाही. मग निमंत्रण आलं. पुण्यात परिसंवाद होता, आणि जेवणानंतर गुलजारबी आतार यांचा सत्कार.

सभागृह थंडगार होतं. गुलजारबींना पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती. पालीचा रस्ता, राजगड, दारात उभी असलेली म्हातारी माणसं. ओळख लपवायला सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली होती. एका चित्रात लुगड्याचा काठ त्यांनी ओळखला.

"सहभागी क्रमांक सात," आनंदराव सर म्हणाले. "हिची नोंद आपल्याला अगदी शेवटपर्यंत, एकही खंड न पडता मिळाली. नैसर्गिक वातावरणातली, घरातली अशी सलग नोंद फार थोड्यांकडे असेल."

पडद्यावर एक लांब निळी रेघ आली. सुरुवातीला नीट, मग दाटीवाटीनं, मग वेडीवाकडी, मग सपाट. मागे कुणीतरी हलकी दाद दिली.

"त्या लाल खुणा कसल्या?" एका विद्यार्थ्यानं विचारलं.

"बटण दाबल्याच्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिली. बघा, वापर किती सहज अंगवळणी पडलाय. निरक्षर बाई आहे, तरी."

गुलजारबींनी खुणा मोजल्या. नऊ. रेघ सपाट झाल्यावर आणखी दोन. अकरा.

"शेवटच्या दोन चुकीच्या नोंदी आहेत," सर म्हणाले. "ठोका नसताना बटण कसं दाबलं जाईल? त्या आपण काढून टाकू."

गुलजारबी बाहेर जाऊन ओकल्या, चूळ भरली आणि पदरानं तोंड पुसून जेवणाच्या हॉलमध्ये गेल्या. सर ताटली घेऊन उभे होते. बोटाला श्रीखंड लागलं होतं.

"सर, हे तुम्हाला कधी दिसलं?"

"माहिती त्याच मिनिटाला संगणकावर येते, सिस्टर. पण बघायला माणूस नेमलेला नव्हता. सूचना देण्याचा भाग दुसऱ्या टप्प्यात आहे. पहिल्या टप्प्यात फक्त माहिती गोळा करायची होती."

"मला तर 'लगेच' म्हणाला होतात."

"लगेच येते, असं म्हणालो होतो. संमतिपत्रात पान चारवर सगळं स्पष्ट लिहिलंय." सरांनी बोट चाटलं. "तुम्हीच तर वाचून दाखवलंत ना?"

गुलजारबींना त्या माणसाची किळस आली. त्याच्या स्वच्छ नखांची, हळू आवाजाची, तोंडात विरघळणाऱ्या घासाची. आणि लगेच स्वतःच्या उजव्या हाताची, ज्या हातानं बाळाबाईचा अंगठा शाईत धरून पान चारवर टेकवला होता. सत्काराला त्या थांबल्या नाहीत.

पुढचे दोन दिवस त्या घरोघर फिरल्या. अकरा मनगटांवरचे पट्टे कात्रीनं कापले, भिंतीवरच्या पेट्या उपटल्या.

"ह्येच्यातनं कुणालाच काय कळत न्हाई," प्रत्येक उंबऱ्यावर त्या तेच सांगत होत्या. "म्या खोटं सांगितलं तुमाला. दुखलं तर माणूस धाडा, जीप काढा. माजी वाट बघू नका."

फुलाबाई नावाच्या म्हातारीनं हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या की, बाई. तेवढाच आदार."

"आदार न्हाई त्यो," गुलजारबी म्हणाल्या आणि पट्टा कापला.

सरांचा फोन आला. उपकरणं विद्यापीठाची मालमत्ता आहेत, तालुक्याला तक्रार करावी लागेल.

"करा. पोत्यात भरून ठेवलीत. येऊन घेऊन जा."

कुंडलिकचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तो अंगणात पेंढा रचत होता. त्याला त्यांनी सगळं सांगितलं: परिसंवाद, निळी रेघ, पान चार. माणूस नेमलेला नव्हता, हेही सांगितलं. आणि आपण पहिलंच पान वाचलं होतं, तेही.

"अकरा वेळा दाबलं हुतं," त्या म्हणाल्या. "ते म्हणत्यात, शेवटचे दोन चुकीचे हायेत. ती गेल्यानंतरचे."

कुंडलिकनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"चुकीचं न्हाईत," तो म्हणाला. "ते म्या दाबलं."

त्यानं आपल्याच मनगटावर अंगठा दाबून दाखवला.

"तिचा हात धरून दाबलं. म्हनलं, तिचं बोट हलकं पडत आसंल. म्हातारी मानूस. जोरात दाबलं तर पुन्याला जाईल."

खालून दुपारच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. त्या गाडीनं त्यांना भोरला परतायचं होतं. कुंडलिक आत गेला, घोंगडी घेऊन आला आणि ओसरीवर अंथरली. घोंगडीचा फाटका कोपरा त्यानं आपल्या बाजूला घेतला.

"बसा, बाई," तो म्हणाला.

त्या बसल्या. गाडी पुन्हा एकदा वाजली आणि निघून गेली. दोघांपैकी कुणीही रस्त्याकडे बघितलं नाही.