चौथ्या प्रश्नापर्यंत टिकलेली खुर्ची

धप्पीला हे नाव कॉलेजात मिळालं आणि ते तिने मेहनतीने मिळवलं होतं.

फर्निचर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला सरांचा एक नियम होता. लेखी पेपर ज्याने त्याने स्वतः बनवलेल्या खुर्चीवर बसून लिहायचा. तीन तास. धप्पीची खुर्ची दिसायला राजेशाही होती. ती चौथ्या प्रश्नापर्यंत टिकली. प्रश्न होता, ‘खुर्चीचे सांधे का निखळतात ते सविस्तर लिहा.’ उरलेलं उत्तर तिने जमिनीवर बसून लिहिलं. सरांच्या मते अख्ख्या वर्गात तेवढंच उत्तर मनापासून आलेलं होतं. मग त्यांनी तिला तीच खुर्ची सात वेळा दुरुस्त करायला लावली आणि दर खेपेला तीन तास बसून लिहायला लावलं.

“चार वर्षं फी भरून काय शिकली, तर बसायला,” दादा म्हणायचा. “मला ते उपजत येतं.”

“तुला उठायला येत नाही, एवढाच प्रश्न आहे,” आई म्हणायची.

आता धप्पी खुर्च्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. सहा महिने कच्ची नोकरी, आणि आज शेवटचा दिवस. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मालकीणबाई संध्याकाळी ठरवणार होत्या. आवारात ट्रक उभा होता. लिहायची फळी लावलेल्या एकशेवीस खुर्च्या एका परीक्षेच्या हॉलला जायच्या होत्या, परीक्षा परवावर आलेली. अडत होतं ते फक्त धप्पीच्या सहीवर.

आणि धप्पी नमुन्याच्या खुर्चीवर बसून वहीत काहीतरी लिहीत होती.

“अगं ए पोरी, निबंध लिहितेस का?” फोरमन मामा ओरडले. “रावसाहेबांनी केव्हाच पास केलाय माल!”

रावसाहेब म्हणजे ऐंशी किलो वाळूचं पोतं. ते प्रत्येक खुर्चीवर पाच मिनिटं बसत. आजवर त्यांनी एकाही खुर्चीबद्दल तक्रार केली नव्हती.

पंचविसाव्या मिनिटाला फळीखालून ‘कुर्र’ आलं. धप्पीने खुर्ची उलटी केली, मग आणखी दोन उलट्या केल्या. “मामा, फळीचे स्क्रू अर्धा इंच आखूड आहेत. मी सही नाही करत.”

“रावसाहेबांना काही झालं नाही ते?”

“रावसाहेब परीक्षेला बसणार नाहीयेत. ते फळीवर रेलत नाहीत. उत्तर आठवेना म्हणून चुळबुळ करत नाहीत.”

मामांनी थेट मालकीणबाईंना बोलावलं.

“सही कर, नाहीतर आत्ता तुला काढल्याचं पत्र लिहिते,” बाई म्हणाल्या.

खुर्चीवरून पडलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते: पडल्यावरही उत्तर पूर्ण करता येतं.

“लिहा ना बाई. फक्त या खुर्चीवर बसून लिहा.”

“बसते की! माझ्या कारखान्याची खुर्ची आहे!”

बाई ठाण मांडून बसल्या. त्यांना छोटं पत्र लिहिताच येत नसे. साधी रजा नामंजूर करायला त्यांना दोन पानं लागत. पहिल्या पानावर त्यांनी धप्पीचा उद्धटपणा उदाहरणांसह मांडला. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं आणि तोही येऊन उभा राहिला. दुसऱ्या पानावर हट्टीपणा सुरू झाला तेव्हा ‘कुर्र’ वाजलं. धप्पीने पॅकिंगचा फोम ओढून निमूटपणे खुर्चीच्या उजव्या बाजूला अंथरला.

“बाई, आता फार मन लावून लिहू नका.”

“मला शिकवू नकोस,” म्हणत बाईंनी फळीवर कोपर रोवला. फळी गेली, तिच्यामागोमाग कोपर गेला, आणि त्यामागून बाई सविस्तर खाली आल्या.

कुणी हसलं नाही. मामा छताकडे बघत होते.

“किती आखूड म्हणालीस?” फोमवरून आवाज आला.

“अर्धा इंच. कपाटांच्या ऑर्डरचे लांब स्क्रू उरलेत. पाच जण लागलो तर संध्याकाळी ट्रक निघेल. उद्या सकाळी माल हॉलमध्ये.”

बाईंनी पत्र शोधलं. ‘उद्धटपणा, हट्टीपणा व कामाच्या वेळेत बसून राहणे या कारणांमुळे आपणास’ इथवर मजकूर होता. पुढे पानाच्या टोकापर्यंत पेनाची लांबलचक रेघ गेली होती. दोन पानं वाया घालवणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी रेघेखाली लिहिलं, ‘कायम करण्यात येत आहे,’ आणि खाली बसूनच सही ठोकली.

धप्पीने पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

“आणि रावसाहेबांचं काय?” मामांनी हळूच विचारलं.

“त्यांना हिच्या हाताखाली द्या,” बाई म्हणाल्या. “उजवीकडे रेलायला शिकू देत.”