यंदा काहीच केलं नाही

सायकलचा मोसम ऑक्टोबरात संपतो. त्यानंतर शहाण्या माणसाने थोडं चालावं, जमेल तेव्हा जिने चढावेत, पाऊस नसेल त्या रविवारी गप्पा मारत सपाटीवर एखादी चक्कर मारावी आणि मार्चपर्यंत दम खावा, असं यशोधनच्या क्लबातला म्हातारा डोनल सांगायचा. यशोधन शहाण्यांत मोडणारा नव्हता. ऑक्टोबर संपायच्या आतच त्याने डब्लिनमधल्या, सँडीफोर्डच्या आपल्या फ्लॅटमधल्या लहान खोलीत टर्बो आणून बसवला. टर्बो म्हणजे मागचं चाक अडकवून जागच्या जागी पेडल मारत बसायचं यंत्र. घाम भरपूर, प्रवास शून्य. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातला प्रकार.

याला कारण होता चंद्रहास. दोघेही साताऱ्याचे, एका शाळेतले, एका बाकावरचे. चंद्रहास डॉक्टर होऊन ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात लागला. यशोधन डब्लिनला एम. एस. करायला आला आणि इथेच नोकरीला चिकटला. परक्या देशात शाळेतला मित्र हाकेच्या अंतरावर मिळणं ही पूर्वपुण्याईच, पण यशोधनला ती पहिल्यापासून जराशी बोचायची. शाळेत चंद्रहास पहिला यायचा आणि हा दुसरा. त्याचंही एवढं काही नाही. खरं दुखणं वेगळं होतं. दर परीक्षेच्या सकाळी चंद्रहास वर्गाबाहेर केविलवाणं तोंड करून उभा असायचा. "यशा, माझं काहीच झालं नाहीये रे. इतिहास तर उघडूनसुद्धा बघितला नाही." यशोधन बिचारा त्याला धीर द्यायचा, घंटा होईपर्यंत शेजारी बसवून सनावळ्या सांगायचा. मग निकाल लागायचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. यशोधनने पुढे ताक पिणंच सोडलं.

गेल्या सप्टेंबरात डब्लिनबाहेरच्या डोंगरात एनिसकेरीहून ग्लेनक्रीला चढताना तेच झालं. सगळा चढ चंद्रहास मागे होता. शेवटच्या वळणावर तो शेजारून सरसर निघून गेला आणि यशोधन धापा टाकत वर पोचला तेव्हा भिंतीला टेकून निवांत केळं खात होता. वर म्हणाला, "प्रॅक्टिसच नाही रे यंदा." झालं. मार्चमधल्या पहिल्या रविवारी, त्याच चढावर, चंद्रहासच्या आधी वर पोचायचं, असं यशोधनने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आयुष्यात बाकी फारसं काही कमी नव्हतं, म्हणून हे एवढं मोठं झालं.

हिवाळाभर त्याला चैन पडलं नाही. सकाळी उजाडायच्या आत टर्बो, ऑफिसात लिफ्टऐवजी जिने, संध्याकाळी पुन्हा टर्बो. मीटिंगमध्ये बसला की टेबलाखाली पाय आपोआप फिरायचे आणि शेजारच्याचा कप हलायचा. दिवाळीचा फराळ आला तो त्याने मृणालिनीला, म्हणजे बायकोला, वरच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवायला सांगितला. चकली दिसली की जीव खालीवर होतो, म्हणे. बाहेर पावणेपाचला अंधार पडायचा, पाऊस आडवा यायचा आणि हा खिडकीवर धरलेल्या वाफेकडे बघत पेडल मारायचा.

आणि हे सगळं चोरून. क्लबात विचारलं तर "नथिंग ॲट ऑल." तिथे सगळेच असं सांगायचे आणि कुणी कुणाचं मनावर घ्यायचं नाही, त्यामुळे ते खपून जायचं. पण खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी दारात गाठून विचारलं, की रोज पहाटे वरून घरघर येते ती कसली, तेव्हाही याने सांगितलं, वॉशिंग मशीन. "एवढे कपडे?" बाईंनी मृणालिनीकडे कणवेने बघितलं. बाईंचा आणि चंद्रहासचा सात जन्मांत संबंध यायचा नव्हता, पण उगाच धोका कशाला घ्या.

चंद्रहास काय करतोय, हा खरा प्रश्न. सायकलवाल्यांच्या ॲपवर प्रत्येकाने केलेली फेरी दिसते. यशोधन रोज चंद्रहासचं पान उघडायचा. तिथे काहीच नसायचं. नोव्हेंबरात नाही, डिसेंबरात नाही. दुसरा कुणी असता तर त्याने सरळ अर्थ काढला असता, की हा माणूस सायकल चालवत नाहीये.

"लपवतोय," यशोधन म्हणाला.

"अरे, खरंच नसेल चालवत," मृणालिनी म्हणाली.

"तुला चंद्या माहीत नाही. एवढं रिकामं पान नुसतं बसून होत नाही. मुद्दाम ठेवायला लागतं." स्वतःच्या फेऱ्यासुद्धा तो लपवूनच ठेवत होता, तेव्हा हे त्याला अनुभवाने माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं.

नोव्हेंबरच्या अखेरीला चंद्रहासचा फोन आला. यशोधन नेमका टर्बोवर होता. तो खाली उतरला आणि श्वास थोडा बसू दिला.

"काय करतोयस?" चंद्रहासने विचारलं.

"काही नाही रे. ऑफिसचा लोड आहे. सायकल बाल्कनीत गंजतेय."

"माझंही काहीच नाही यंदा." मग जरा थांबून तो म्हणाला, "रविवारी येतोस का इकडे? फिनिक्स पार्कात हळूच एक चक्कर मारू. नाहीतर नको सायकल. नुसतं बसू."

यशोधनला हसू आलं. नुसतं बसू म्हणे. समोर बसवून हा आपल्या मांड्या बघणार, गालफडं किती बसलीत ते बघणार आणि घरी जाऊन स्वतःचा सराव वाढवणार. "या रविवारी जरा कठीण आहे," तो म्हणाला. नंतरच्या फोनला घरी पाहुणे आले होते, त्याच्या नंतरच्या वेळी सर्दी झाली होती. पाहुणे आले नव्हते आणि सर्दी तर नव्हतीच. चंद्रहास दर वेळी एवढंच म्हणायचा, "बरं. काही नाही, असाच केला होता." फोन ठेवल्यावर यशोधन पुन्हा चढून बसायचा आणि गिअर एकाने जड करायचा.

संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू आणि तिळगूळ एका हॉलमध्ये होता. चंद्रहास आला नाही. त्याची बायको विभावरी, तीही डॉक्टर, जुलैपासून देशाच्या दुसऱ्या टोकाला, गॉलवेच्या हॉस्पिटलात बदलून गेली होती, ड्यूट्या जुळल्या की शनिवार-रविवार घरी यायची. ती एकटीच आली होती. तिने यशोधनला बाजूला घेऊन सांगितलं, "याच्याकडे जा ना एकदा. घरातून बाहेरच पडत नाही."

"का, तब्येत?"

"तसं काही नाही... येत जा जरा." तेवढ्यात तिला कुणीतरी वाण द्यायला हाक मारली.

परतताना गाडीत यशोधन गप्प होता. मृणालिनीला वाटलं, मित्राची काळजी करतोय. "घरातून बाहेर पडत नाही," तो शेवटी म्हणाला, "म्हणजे टर्बो घेतलाय त्याने. आणि तिळगूळ चुकवला तो डाएटसाठी." मृणालिनीने कपाळावर हात मारला. पण त्या रात्री यशोधनला झोप लागेना, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने भातही सोडला.

मार्चचा पहिला रविवार उजाडला तो कोरडा, वाऱ्याचा. रस्त्याच्या कडेला पिवळी झुडपं फुलायला लागली होती. यशोधन स्टेपसाइडवरून सायकलनेच एनिसकेरीला पोचला. चंद्रहास गाडीच्या मागे सायकल बांधून आला होता. तो उतरला आणि यशोधनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चेहरा सुजल्यासारखा, दाढी वाढलेली, जॅकेटची चेन पोटावर ताणलेली. आत दोन स्वेटर घातले असणार, यशोधनच्या मनात आलं. मुरलेला माणूस आहे.

"मस्त दिसतोयस," चंद्रहास म्हणाला. "बारीक झालास."

"कुठे रे. ऑफिसच्या टेन्शनने. आणि तू?"

"काहीच केलं नाही यशा. खरंच. हळू जाऊया."

"मीही तसाच," यशोधन म्हणाला आणि चढ लागल्या लागल्या त्याने जोर लावला.

मागे बघायचं नाही, हे त्याने हिवाळाभर घोकलं होतं. चंद्रहास मागेच असतो, दम राखून असतो, आपण वळून पाहिलं की त्याला कळतं आपण थकलोय. त्यामुळे यशोधनने मान वळवली नाही. कानात वारा भरला होता, मांड्या पेटल्या होत्या, आणि प्रत्येक वळणावर आता येईल, आता शेजारून जाईल, असं होऊन तो आणखी दामटत होता. शेवटचं वळण गेलं. सपाटी आली. तो पहिला पोचला होता. त्याने भिंतीला सायकल टेकवली आणि तेव्हा कुठे मागे पाहिलं.

रस्ता रिकामा होता.

आधी त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला, पोटातून उकळी आली. मग वाटलं, यातही काही डाव असेल. मग घाम गार पडला, दात वाजायला लागले आणि कुणीच येईना, तेव्हा पहिल्यांदा त्याला वाटलं, काही झालं तर नाही ना. तो उलटा खाली सुटला.

चंद्रहास फार खालीच भेटला. चढ सुरू होतो तिथून थोडंसंच वर, दगडी भिंतीवर बसला होता. सायकल गवतात आडवी. पडला नव्हता, लागलं नव्हतं. नुसता बसला होता.

"काय झालं?"

"काही नाही. जमलं नाही."

"अरे पण—"

"सांगितलं होतं ना तुला. नोव्हेंबरपासून सांगतोय." आवाजात राग नव्हता. तो असता तर यशोधनला सोपं गेलं असतं. "ड्यूटी करायचो, घरी यायचो, पडून राहायचो. पडदेसुद्धा उघडायचो नाही. डिसेंबरपासून ड्यूटीही सुटली. रजेवर आहे. गोळ्या चालू आहेत. हॉस्पिटलात सांगितलंय, विभाला माहितीये. तीच म्हणायची, यशाला फोन कर."

यशोधन उभाच राहिला. पहाटेची घरघर, जड केलेला गिअर, न झालेली सर्दी, सगळं एकदम अंगावर आलं. त्याला स्वतःची लाज वाटली, चारचौघांत वाटते तशी नाही, एकट्याने वाटते तशी.

"मला वाटलं, तू लपवतोयस," तो म्हणाला.

"वाटणारच. दहावीपर्यंत मीच तर तुला ते शिकवलं." चंद्रहास किंचित हसला. "पण तू बाल्कनीत सायकल गंजतेय म्हणालास ना, ते मला खरं वाटलं होतं. बरं वाटलं ऐकून. म्हटलं, आपण एकटेच नाही."

यशोधन त्याच्या शेजारी भिंतीवर बसला. खालून सायकलवाल्यांचा एक घोळका मजेत बडबडत वर निघून गेला, एकाने हात केला.

"आता कसं आहे?" यशोधनने विचारलं.

"आता बरंय. ग्रँड. खरंच."

यशोधनने त्याच्याकडे पाहिलं. हा चेहरा तो लहानपणापासून ओळखत होता. हा चेहरा रडवेला झाला की अभ्यास झालेला असतो, एवढं त्याला पाठ होतं. हसरा झाला की काय असतं, हे त्याने कधी शिकून घेतलं नव्हतं. आत्ता हा खरं बोलतोय की नाही, हे कळायला त्याच्याकडे काहीही साधन नव्हतं, आणि याचीच त्याला भीती वाटली.

"चल, तुझ्या घरी जाऊ," तो म्हणाला. "दोन्ही सायकली बसतील ना गाडीवर?"

मित्र असं अचानक घरी निघाला की माणूस म्हणतो, अरे कशाला, तुझा रविवार का घालवतोस, घर आवरलेलं नाही. यशोधन वाट बघत होता. चंद्रहास तसलं काहीच म्हणाला नाही. त्याने गवतातली सायकल उचलली आणि मान खाली घालून उताराला लागला, आणि त्याच्या मागून जाताना यशोधनला कळलं, की तो बरा नाहीये.