मखमलीचा घेर

"ताई, यंदा नाताळ आपल्या घरी," धाकटी फोनवर म्हणाली आणि मी पाघळले. आई गेल्यापासून नाताळला मी एकटीच. ऑल्टरेशनचं दुकान बंद करायचं, उरलंसुरलं खायचं आणि झोपायचं. 'आमच्या घरी' म्हणाली असती तर मी पाहुणी झाले असते. 'आपल्या' म्हणाली, म्हणजे मी घरची. व्याकरणात मी कायम नापास, पण एवढं मलाही कळतं.

"सजावट तू कर हं. सगळी कापडाची. नव्या घराला शोभेलशी."

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. महिनाभर मी गिऱ्हाइकांच्या पँटी बाजूला टाकून शिवत बसले. खिडक्यांना चुण्यांची झालर, कठड्याला लेसची माळ, खुर्च्यांच्या पाठींना रेशमी फिती. नाताळच्या झाडाच्या बुंध्याभोवती पसरायच्या घेरासाठी मात्र मखमल मिळेना. बाजारातल्या मखमलीवर हात फिरवला की लव हातात येते. शेवटी आईचा डाळिंबी कोट काढला. तो कधी कापायचा नाही, असं आम्हा दोघी बहिणींचं ठरलं होतं. म्हटलं, आपल्याच घरात तर राहणार आहे. कापताना रडले, पण तिरकं कापलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बोचकं घेऊन गेले. टेबलावर आठ ताटं आधीच मांडलेली. त्यातलं माझं कुठलं, तेही मी मनाशी ठरवून टाकलं: स्वयंपाकघराजवळचं. म्हणजे उठबस मला करता येईल.

तोंडात टाचण्या धरून मी झाडाखाली ओणवी झाले होते, तेवढ्यात मेहुण्यांच्या साहेबांची बायको आली. वरच्याच मजल्यावर राहते.

"अगंबाई, किती सुरेख! कुणी केलं हे?"

"आमच्याकडे शिवायला येतात ना, या बाई," धाकटी म्हणाली.

बाई! हिच्या शाळेच्या गणवेशाची बटणं मी लावली, आणि मी बाई. तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर काय बोलले असते कोण जाणे.

"आणि ही मखमल? अशी हल्ली मिळत नाही."

धाकटीनं खाली पाहिलं. कोटाची काजं मी रफू करून बुजवली होती, तिथं तिची नजर अडकली. ओळखला तिनं. चेहऱ्यावरचा रंग उडाला, तेव्हा मला वाटलं, आता तरी बोलेल.

"असेल कुठलीतरी चिंधी," ती म्हणाली.

'बाई' मी गिळलं असतं. हे गिळता येईना.

पाहुणी गेल्यावर धाकटी माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, रागावलीस? अगं, उद्या साहेब येणार जेवायला, सगळी मोठी माणसं. तुलाच अवघडल्यासारखं होईल. तू परवा ये ना. परवा आपण दोघीच, निवांत."

मी तोंडातल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. झाकण लावलं.

"परवा कशाला? हे सगळं उतरवायला?"

ती उठली आणि दार तिनंच उघडून दिलं.