माझ्या मुठीवरचं नाव

“घड्याळ दिलं असतंस तर पोरगं चारचौघांत मिरवलं तरी असतं. पक्कड कुणी बक्षीस देतं व्हय?”

मित्रांनो, या घरात पाऊल टाकताच माझं झालेलं हे कौतुक. मी एक जुनी पक्कड आहे. आणि कुरकुरत होत्या त्या राजारामपुरीतल्या आमच्या आक्का. त्यांचा थोरला मुलगा नृसिंह १९७४ साली मॅट्रिक पास झाला, म्हणून त्यांच्या भावाने, कृष्णातमामाने, मला बक्षीस आणलं होतं. मामा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फिटर. त्याच्या सायकलचा मेलेला डायनामो या घरात एका दुपारीत जिवंत झाला होता. आमच्या नृसिंहनं केला, असं आक्कांनी ठोकून दिलं आणि मामाला ते खरं वाटलं.

मामाची हौस तेवढ्यावर भागली नव्हती. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालणाऱ्या चमनभाईंकडे तो मला आधीच घेऊन गेला होता. चमनभाईंनी मला उलटंपालटं केलं.

“पावणं, हत्यारावर नाव घालत न्हाईत,” ते म्हणाले. “ज्याच्या हातात बसतं, त्येचं ते.”

मामा ऐकतोय कुठला! दोन छिन्न्या बोथट झाल्या, पण माझ्या मुठीवर ‘चि. नृसिंह’ कोरलं गेलं. जणू मी पाणी प्यायचं फुलपात्रच!

आता पुढचं सांगते, आणि रागानेच सांगते. त्या चिरंजीवाने दोन वर्षांत मला हातात धरलं ते एकदाच, सुपारी फोडायला. माझ्या दातांचा अपमान मी अजून विसरलेली नाही.

डायनामो दुरुस्त केला होता तो त्याच्या धाकट्या बहिणीने, श्यामलाने. घरातला स्टोव्ह तिने उघडला, रेडिओची तुटलेली तार तिने जोडली. शेजारच्या नजीराचाचींचं शिलाई मशीन ऐन रमजान ईदेच्या आठवड्यात अडलं, तेव्हा परसदारातून मला ओढणीत गुंडाळून नेणारीही तीच. तिची बोटं बारीक, पण पकड अशी की गंजलेला नटसुद्धा निमूटपणे फिरायचा. काम झालं की ती मला पुसायची, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडायची. आणि संध्याकाळी आक्का गल्लीत सांगायच्या, नृसिंहनं केलं. पोरीच्या हाताला तेलाचा वास येतो हे कळलं तर स्थळं फिरतील, ही त्यांची धास्ती. वडील पेपर वाचायचे. नजीराचाची ओठ दाबून हसायच्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पण पकडीला जबडा असतो, जीभ नसते. यांना तर जीभ होती ना!

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. विळी, अडकित्ता, हातोडी यांच्याबरोबर मीही पाटावर बसले. सकाळीच श्यामलाने मला रॉकेलने धुतलं होतं, आणि जरा जास्तच वेळ पुसलं होतं. कारण नृसिंहच्या नोकरीचं घेऊन येतो, असा मामाचा निरोप आला होता.

मामा आला तो गुळाची ढेप घेऊनच. कारखान्यात भाच्याची जागा पक्की केली होती. मालकाला सांगितलं होतं, पोरगं म्हणजे जन्मजात कारागीर आहे. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर ये आणि तुझी पक्कड घेऊन ये, असं मामाने नृसिंहला बजावलं. नृसिंह हळदकुंकवाची कोयरी घेऊन माझ्यापुढे बसला होता. श्यामला आरतीचं तबक धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिच्याजवळ दुसरं हत्यार नव्हतं.

मित्रांनो, ज्याला खटपटीची आवड आहे त्याला हत्यार जरूर द्या. घड्याळ बंद पडलं तरी मी चालते. पण देण्याआधी नावं विचारू नका, नखं बघा. ज्या नखांत काळं तेल असेल तिथे आम्हाला ठेवा, आणि मग कुणाची पोर आहे, लोक काय म्हणतील, असलं काही मध्ये आणू नका. चुकीच्या हातात आम्ही गंजतो ते गंजतोच, पण बरोबर हातही रिकामा राहतो.

नृसिंहाने कुंकवाचं बोट माझ्या मुठीवरच्या नावाजवळ आणलं आणि ते तिथेच थांबलं. आक्का घाईने म्हणाल्या, “लाव की लवकर.”

त्याने बोट मागे घेतलं. मला उचललं, दारापर्यंत गेला आणि मला श्यामलाच्या तबकात ठेवलं.

“मामा,” तो म्हणाला, “मला यातलं काय बी येत न्हाय. तुझा डायनामो हिनं केलता. सगळं हीच करती.”