इस्त्री मारलेला डोंगर

नव्या रोपवेसाठी ती संगणकावर डोंगरातला वारा मांडून बघत होती, पण उभ्या कड्याजवळ आलं की तिचा हिशेब फुटायचा. संगणक वाट्टेल ते आकडे ओकायचा, डोंगरावरचा वारा विमानापेक्षा जोरात धावायचा आणि पडदा लालभडक व्हायचा. साहेब वैतागले.

"कड्याला जरा इस्त्री मार. चढ सौम्य कर. सगळे हेच करतात."

सगळे करतात म्हटलं की पाप धुतलं जातं, असली ही ऑफिसं! तिनं मॉडेलमधला कडा तासून उतार केला. वारा त्यावरून लोण्यासारखा घसरला. अहवाल गेला, रोपवे उभा राहिला.

आज पहिली चाचणी फेरी होती. डब्यात प्रवाशांऐवजी वाळूची पोती आणि तंत्रज्ञ म्हणून तिचा धाकटा भाऊ.

मन टोचत होतं म्हणून सकाळी तिनं नव्या, जास्त ताकदीच्या संगणकावर न तासलेल्या डोंगराचा हिशेब चालवला. या वेळी हिशेब फुटला नाही. कड्यामागे वाऱ्याचे बाण उलटे फिरले, खाली आपटले, पुन्हा वर उसळले. भोवरा. आणि त्याच्या पोटात रोपवेचा तिसरा खांब.

तिनं फोन लावला.

"छोट्या, कुठं आहेस?"

"बोला ताईसाहेब! दुसरा खांब आत्ताच गेला. इथं पान हलत नाही. तुझा वारा रजेवर गेलाय वाटतं."

"डबा मागे घ्यायला सांग. आत्ता!"

"सकाळी सकाळी काय खाल्लंस?"

"मस्करी नको! मध्येच थांबवू नका, झुलत राहशील. मागे घ्या, मागे!"

"बरं बाई, सांगतो. नाहीतर आईकडे चुगली..." त्याचं हसू तुटलं. "ताई, खालून येतंय काहीतरी. पोती सरकली."

मग नुसती करकर आणि घोंघाट.

साहेब मागे येऊन उभे होते. "ठेव तो फोन. अहवाल आपला आहे, कळतंय का?"

तिनं फोन कानात रुतेल इतका दाबला.

"दुसरा खांब," शेवटी भाऊ म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मागे आलो, ताई."

"बघ, काही झालं का?" साहेबांनी सुस्कारा सोडला. "हे इथंच राहू दे. दुपारी वारा पडला की पुन्हा..."

"दुपारी तुम्ही बसा त्यात."

तिनं रोपवेच्या नियंत्रण कक्षाचा नंबर लावला.

"रोपवे बंद ठेवा. अहवाल खोटा आहे. डोंगर मी तासलाय."